‘नाही’ म्हणायचा पेपर

१२ जानेवारी, रविवार

आत्याबाईंचे दीर मुतखडा घेऊन आलेत. सोबत त्यांचा मेव्हणा, कारण त्याला शहर बघायचंय. निरोप नाही, काही नाही. सकाळच्या एसटीनं उतरले, दार ढकललं, “आलो गं सूनबाई,” पिशवी कोपऱ्यात, पाय धुवायला मोरीत. चहा.

खोली एकच. त्यात आम्ही दोघं, स्टोव्ह, पत्र्याची पेटी, माझी पुस्तकं. औरंगाबादला मुकुंदवाडीत खोली घेतली ती भा.ला चिकलठाण्याचा कारखाना जवळ पडावा म्हणून. पण पाचोडकडच्या आमच्या सगळ्या गणगोताला वाटतं, ती त्यांच्यासाठीच घेतलीय. दवाखाना, कोर्ट, पोलीसभरती, कशाहीसाठी शहरात यायचं झालं की उतरायचं भागवतच्या खोलीवर. (नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं असं सासूबाई सांगतात. म्हणून वहीत निदान पहिलं अक्षर घेते. आत्ता चुकून पूर्ण घेतलं.)

बी.ए.चं शेवटचं वर्ष. मार्चात परीक्षा. अर्थशास्त्र मोरीच्या कट्ट्यावर बसून वाचलं. मागणी आणि पुरवठा. आतून मुतखडेवाले काका, “सूनबाई, भाकरीला किती येळ हाय?”

माणसं वाईट नाहीत. जाताना डोक्यावर हात ठेवून जातात, डोळ्यांत पाणी आणतात. सगळी पंचाईत तिथंच आहे.

१५ जानेवारी, बुधवार

कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. पुण्याहून एक गृहस्थ आले होते. हस्तांदोलन कसं करावं. रुमाल मांडीवर कसा पसरावा. काटा डाव्या हातात धरावा. मग टाय बांधून दाखवला. आमच्या वर्गात टाय कुणाकडं आहे? प्राचार्यसुद्धा कोट फक्त झेंडावंदनाला घालतात.

शेवटी चिठ्ठ्या वाटल्या. कॉलेजने तुम्हाला आणखी काय शिकवायला हवे, ते नाव न घालता लिहा. मी लिहिलं, “‘नाही’ म्हणायला शिकवा. शंभर मार्कांचा पेपर ठेवा, तोंडी परीक्षा पण घ्या.” ती वाचल्यावर सगळा हॉल हसला. मीही हसले, चोरासारखी. कुणाला मनिऑर्डर करायला शिकायचं होतं, कुणाला पोहायला. एकानं नुसतंच ‘मुलींशी बोलणे’ लिहिलेलं. मागच्या बाकांवरनं शिट्ट्या.

एक चिठ्ठी त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. मनात वाचली, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली. ती कुंदाची. मला माहीत, कारण ती माझ्याच पेनानं लिहिली होती. “आडनाव सांगितल्यावरही भाड्याची खोली कशी मिळवायची, ते शिकवा.”

कुंदा पहिल्या वर्षापासून माझ्या बाकावर आहे. अजिंठ्याकडच्या खेड्यातली, इथं मुलींच्या हॉस्टेलात राहते. घरचे बौद्ध, शेतमजुरी करतात. अर्थशास्त्रात वर्गात पहिली आणि त्याचा गर्व लपवत नाही, म्हणून मला आवडते. पहिल्या वर्षी खोली शोधत फिरली होती, हॉस्टेल मिळायच्या आधी. त्याबद्दल कधी बोलत नाही.

बाहेर पडताना म्हणाली, “तुझ्या दारात लोक आल्याशिवाय राहत नाहीत आणि मला दारात कुणी उभं करत नाही. सुमे, आपल्या दोघींच्या पेपराला एकच मास्तर पाहिजे.”

१९ जानेवारी, रवि.

‘नाही’चा तास. लायब्ररीमागच्या पायऱ्यांवर. मास्तरीण कुंदा. ओढणी डोक्याला पटक्यासारखी गुंडाळली, छत्रीची काठी केली आणि आली डुलत, “आलो गं सूनबाई. चार दिस ऱ्हाईन म्हंतो.”

मी म्हटलं, “बघू की.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे नाही.”

“कोणत्या देशात?”

पुन्हा केलं. या वेळी तोंडातनं “होईल की” निघालं. तिनं कपाळावर हात मारला.

तिचं खरं आहे. पण आमच्यात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे माणूस तोडणं. म्हणून बघू, सांगते, होईल की. म्हणणाऱ्याच्या मनात नाही असतं, ऐकणारा हो समजून उठतो. दोघांनाही हे ठाऊक असतं आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय.

कुंदानं विचारलं, सगळ्यात अवघड कोण? मी लगेच सांगितलं, अण्णा.

अण्णा भा.चे मोठे चुलते. मेंढरं, थोडी जमीन, घरातला शेवटचा शब्द. लग्न झालं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. बैठकीत सासूबाई म्हणत होत्या, पुरे झालं, आता गावात राहावं. अण्णा तंबाखू मळता मळता म्हणाले, “पोरगी शिकती तर शिकू द्या. मेंढरं काय पळून नाय चाल्ली.” एवढंच. विषय संपला. माझं तिसरं वर्ष त्या वाक्यावर उभं आहे. बाकी कुणालाही एक ना एक दिवस म्हणेन. अण्णांना कसं म्हणू?

२४ जाने., शुक्रवार

भा.ची सुट्टी. दुपारी अण्णा आले, ज्वारीची कोवळी कणसं पोत्यात घेऊन. स्टोव्हवर हुरडा भाजायचा उद्योग जगात फक्त अण्णाच करू जाणे. खोलीभर धूर, डोळ्यांना पाणी, शेजारीण खोकतेय. तळहातावर चोळून फुंकर मारून दाणे आधी मला दिले. “खा. अभ्यासाला ताकद लागती.” भा. नुसता बघत बसला, पुतण्याला कुणी विचारलंच नाही. आम्ही तिघं खूप हसलो.

मग निघताना, वहाणा घालता घालता, सहज म्हणाले. शेवंताला (त्यांची धाकटी) एक स्थळ आलंय. पोरगा इथंच चिकलठाण्याला कामाला. बघायचा कार्यक्रम तुझ्या खोलीवर करू. “शहरातली खोली म्हंजे जरा इज्जत ऱ्हाती. तू शिकलेली, पाव्हण्यांशी बोलशील.”

माझ्या डोळ्यांपुढं: पंधरा-वीस माणसं, पोहे, सुपारी, परीक्षा तोंडावर.

मी म्हटलं, “बघू की, अण्णा.”

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि एसटी गाठायला गेले. भा.कडं बघितलं. तो म्हणाला, “तू हो म्हणालीस.” मी म्हटलं, मी ‘नाही’ म्हणाले. “अवो, बघू म्हणाले!” त्यावर त्याला जे हसू फुटलं ते थांबेना.

२९ जानेवारी, बुध

कालपासून शहरात तणाव. नामांतरावरून पुन्हा बंद, मोर्चे, एसट्या थांबल्यात. विद्यापीठाच्या नावाचा ठराव होऊन इतकी वर्षं झाली, नाव अजून कागदावरच. मी गावात वाढले, आमच्या घरात या विषयावर कुणी बोलायचं नाही, बोललं तर आवाज खाली जायचा. कुंदाच्या घरी दुसरं काही बोलतच नव्हते. तीन वर्षं एका बाकावर बसून मला हे एवढं तरी कळलंय.

हॉस्टेल काही दिवस बंद. मुलींना घरी जायला सांगितलं. कुंदा कॉलेजच्या फाटकाशी ट्रंकेवर बसून अर्थशास्त्र वाचत होती. तिच्या बापूंचा निरोप आलाय, गावात वातावरण बरं नाही, एवढ्यात येऊ नको.

“मग कुठं जाणार?”

“बघते ना काहीतरी.”

तिनं विचारलं नाही. ती विचारत नसते. मीच ट्रंकेची एक कडी धरली आणि म्हटलं, उचल दुसरी.

“तुझ्याकडं पाहुणे असतील.”

“असतील तर तू त्यांना नाही म्हणून दाखव. मास्तरीण ना तू?”

भा. संध्याकाळी आला. ट्रंक बघितली, कुंदा बघितली, डोकं खाजवलं. मग म्हणाला, “सुपरवायझर रात्रपाळीला माणूस शोधतोय. मी घेतो महिनाभर. तुम्ही झोपा निवांत.” दिवसा मित्राच्या खोलीवर झोपेन म्हणाला. एवढं बोलून सायकलला तेल घालायला बाहेर गेला. या माणसावर मी किती प्रेम करते, ते त्याला सांगायला मला कोणत्या कॉलेजात शिकवणारेत?

२ फेब्रु., रवि.

चार दिवस म्हणजे चार वर्षं झाल्यासारखी सवय झाली.

कुंदा पहाटे उठून मोठ्यानं वाचते, मी भाकरी टाकता टाकता ऐकते. राजस्व, तुटीचा अर्थभरणा. तवा आणि तुटीचा अर्थभरणा आता कायमचे एकत्र डोक्यात बसले. तिच्या भाकऱ्या माझ्याहून पातळ. माझे टाके तिच्याहून बारीक. स्टोव्ह दोघींनाही दुरुस्त करता येत नाही, तो भा.च येऊन करतो.

आज दुपारी भा.नं विमानतळाकडच्या रिकाम्या रस्त्यावर दोघींना सायकल शिकवली. मी पडले. कुंदा पडली नाही, पण तिला थांबता येत नाही. सरळ जात राहिली, लांब, ओरडत, “भावजी, थांबायचं कसं ते आधी सांगायचं ना!” भा. मागं पळतोय. मी रस्त्यात बसून पोट धरून हसत होते. साडी फाटली. पुण्याच्या गृहस्थांनी हे बघायला हवं होतं.

घरी येऊन पैज लावली. आपल्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं कोणतं नाव छापून येईल? ती म्हणाली, नवं. मी म्हटलं, सरकारी काम, नातवंडांच्या कागदावर येईल. ती हसली नाही. म्हणाली, “बापूंना वाचता येत नाही. पण ते नाव असलेला कागद ते हातात धरणार आहेत. म्हणून मला पास व्हायचंय.” मी पैज परत घेतली.

५ फेब्रु., बुधवार

जे होणार होतं ते झालं. गावचा एक जण भा.च्या कारखान्यात लागलाय, त्याच्याबरोबर अण्णांचा निरोप. पुढच्या शुक्रवारी, चौदा तारखेला कार्यक्रम पक्का. पाहुण्यांना कळवलं. सूनबाईनं हो म्हटलंय, म्हणाले.

आणि मागं शेपूट. खोलीवर कुणीतरी मैत्रीण राहते असं कानावर आलंय. ती त्या दिवशी दुसरीकडं गेली तर बरं. पाव्हण्यांकडची माणसं जुनी आहेत.

भा. निरोप सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. मी विचारलं, तुमचं काय म्हणणं?

“एका दिवसाचं तर हाय, सुमन.”

“तिला सांगायचं काय?”

“सांगू काहीतरी. खोलीत जागा नाय म्हणून.”

“तुमच्या आत्याचे दीर मेव्हण्याला घेऊन आले तेव्हा होती जागा?”

मग हळूच, “अण्णांनी मला लहानपणी पुरातनं खांद्यावर घेऊन काढलंय. त्यांना मी काय सांगू?”

त्याचंही खरं. हे सगळं माझ्या एका ‘बघू’मुळं. कुंदा नळावर होती तेव्हा. तिला ऐकू गेलं नसावं.

७ फेब्रु., शुक्रवार

गेलं होतं.

आज कॉलेजातनं आले तर ती ट्रंक आवरत होती. पुस्तकं खाली, कपडे वर, अगदी नीट. मी विचारलं, हे काय? म्हणाली, वर्गातल्या एकीच्या भावाकडं जाते. चौदाच्या आत.

“तुला कुणी काही म्हटलं?”

“नाही. म्हणायची वेळ येऊ द्यायची नसते.” ट्रंकेचं झाकण दाबत, हसत म्हणाली, “नाही कसं म्हणायचं ते तुला शिकायचंय, सुमे. समोरच्याला नाही म्हणायची वेळ येण्याआधी निघून जायचं, ते मला शिकावं लागलं नाही. आईबरोबर कामाला जाता जाता आपोआप येतं.”

तिच्या आवाजात कडवटपणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. भाजी निवडावी इतक्या सहज बोलली.

मला रडू आलं आणि तिच्यावरच राग आला. मी ट्रंकेवर जाऊन बसले. उठणार नाही म्हटलं. ती म्हणाली, किती वेळ बसशील? चौदापर्यंत, म्हटलं. मग तीही शेजारी येऊन बसली. स्टोव्हवरचं वरण करपलं.

परवा पाचोडचा बाजार. अण्णा मेंढरं घेऊन येतात. मी जाणार. भा.ला सांगितलं. त्यानं विचारलं, मी येऊ? मी म्हटलं, नको.

९ फेब्रु., रविवार

नीट लिहिते.

बाजारात शिरले तेव्हा अण्णा एका गिऱ्हाइकाशी सौदा करत होते, रुमालाखाली बोटं धरून. मला बघून इतके खूश झाले की रुमाल सोडून दिला. “सूनबाई! तू कामून आली? पोरं बरी हायेत ना?” पोरं म्हणजे मी आणि भा. गिऱ्हाइकाला सांगितलं, ही आमची सून, बी.ए.ला हाय. त्यानं मला नमस्कार केला. इथूनच परत फिरावं असं वाटलं.

येताना एसटीत सगळं पाठ केलं होतं. परीक्षा जवळ आली, खोली लहान, शेजारणीला त्रास. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा पाठ केलेलं काही आलं नाही.

“अण्णा, चौदा तारखेला आमच्या खोलीवर कार्यक्रम नाही होणार.”

“बघू म्हनली होती ना तू?”

“चुकलं माझं. तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं.”

“कामून नाही?”

“कुंदा राहते माझ्याकडं. तिला मी बाहेर काढणार नाही. एका दिवसासाठी पण नाही.”

अण्णा एका मेंढराच्या पाठीवर हात फिरवत राहिले, लोकर बघितल्यासारखं. आजूबाजूला ओरडा, धूळ. मला वाटलं आता म्हणतील, तुला शिकू दिलं ते हे ऐकायला व्हय? तसं म्हणाले असते तर मला बोलता आलं असतं.

ते म्हणाले, “बरं.”

फक्त बरं. या माणसाचे सगळे ‘बरं’ मला ओळखू येतात असं वाटायचं. हा आला नाही.

मी निघाले. स्टँडवर औरंगाबादच्या गाडीला ही झुंबड. मी मागं उभी, रडायच्या बेतात. तेवढ्यात अण्णा गर्दीतनं पुढं घुसले आणि खिडकीतनं आपला टॉवेल आत टाकला, नेहमी टाकतात तसा, जागा धरायला. मी चढले, बसले, टॉवेल परत दिला. त्यांनी तो खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं न बघता गेले.

पूर्ण रस्ता रडले. शेजारची बाई म्हणाली, माहेर सुटलं का?

१० फेब्रु., सोम

काल घरी येऊन विजयी वीरासारखं सांगितलं. वाटलं, कुंदा गळ्यात पडेल.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला विचारलंस?”

“काय विचारायचं त्यात?”

“पाचोडच्या बाजारात, मेंढरांच्या सौद्यात, माझं नाव घेऊन आलीस. आता तुझ्या सासरी सगळ्यांच्या तोंडी कोण? मी. शेवंताचं स्थळ मोडलं तर कुणामुळं? माझ्यामुळं. त्यांनी मला न विचारता काढायचं ठरवलं, तू मला न विचारता ठेवायचं ठरवलंस. मी ट्रंक आहे का गं, सुमे?”

मला इतकं लागलं की मी पण काहीतरी बोलले. तुझ्यासाठी मी माझे अण्णा घालवले, असं काहीतरी. तिनं पुस्तक उघडलं. आज दिवसभर आम्ही बोललो नाही. एकाच ताटलीत शेंगदाणे होते, ते मात्र दोघींनी खाल्ले.

तिचं बरोबर आहे. हे लिहायला सोपं आहे, तिला म्हणायला जड जातंय.

१२ फेब्रु., बुध.

म्हणाले. भाकरी थापताना, पाठ करूनच, तवा तापायच्या आत. ती म्हणाली, “बरं, आता सरकून बस, पीठ सांडतंय.” आणि राहिली. का राहिली, ते विचारलं नाही. नंतर वाटलं, हे पण विचारायला पाहिजे होतं.

१४ फेब्रु., शुक्रवार

कार्यक्रम गावातच झाला. मला बोलावणं नव्हतं. भा. रात्रपाळीहून तसाच गेला, न झोपता, संध्याकाळी परतला. मुलाकडचे अजून काही बोलले नाहीत म्हणे. शेवंतानं चहा नीट दिला. सासूबाई भा.शी धड बोलल्या नाहीत.

पाहुण्यांनी विचारलं, शहरातल्या खोलीवर करणार होता ना? अण्णा म्हणाले, “सूनबाईची परीक्षा हाय. तिला तकलीफ नको.”

म्हणजे खरं कारण सांगितलं नाही. मला आधी हायसं वाटलं. मग राग आला. मग कुणाचा राग आला ते कळेना. कुंदा मात्र खो खो हसली. “बघ, अण्णांना पण सांगता येत नाही. बसवा त्यांना पण परीक्षेला!”

भा. हसला नाही. पाण्याचा तांब्या हातात धरून बसला होता. मग म्हणाला, “तू गेलीस ते बरं केलंस. मी गेलो असतो तर बरं अण्णा, बरं अण्णा म्हणून आलो असतो.” मी त्याच्या डोक्याला तेल लावून दिलं. कुंदा उगाच नळावर गेली.

२३ फेब्रु., रवि.

दोन आठवडे झाले, कुणी आलं नाही. मुतखडा नाही, कोर्ट नाही, भरती नाही. मला हेच पाहिजे होतं ना? खोली शांत. राजस्व पूर्ण झालं, समाजशास्त्राच्या नोट्स झाल्या. कुंदा म्हणते, तू फर्स्ट क्लासला बसतेस.

पण सकाळची एसटी यायच्या सुमारास कान दाराकडं जातात. चहाचं आधण सवयीनं जास्त ठेवते आणि मग आम्ही दोघी दोन-दोन कप पितो. आत्याबाईंच्या दिराचा मुतखडा पडला की नाही, तेही कळलं नाही. ते आता कुठं उतरतात? परवा भा.ला कुणी सांगितलं, मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले होते गावातले दोघं. हे ऐकून जेवण गेलं नाही.

नाही म्हणायला शिकवणाऱ्यांनी त्याच्या पुढचा पेपर पण ठेवायला पाहिजे. नाही म्हटल्यावर जगायचं कसं? याची तयारी माझ्याकडनं कुणीच करून घेतली नाही, कुंदानंसुद्धा.

५ मार्च, बुध

हॉस्टेल उघडलं. कुंदानं सांगितलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मी यावेळी शिकले होते. विचारलं, “तुला काय करायचंय?”

तिनं हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाली, “परीक्षा होईपर्यंत इथंच राहावं म्हणते. चालेल?”

“चालेल.”

भा.नं सुपरवायझरकडनं रात्रपाळी वाढवून घेतली. डोळे खोल गेलेत त्याचे. परीक्षा झाली की याला आठवडाभर नुसता झोपवणार आहे.

शेवंताच्या स्थळाचं काही कळत नाही.

१६ मार्च, रविवार

परवा पहिला पेपर. अर्थशास्त्र.

दुपारी दोघी खाली वह्या पसरून बसलेलो, भा. नुकताच मित्राकडनं जेवायला आला होता. दार उघडंच होतं. आता ढकलायला कुणी येत नव्हतंच. सावली पडली म्हणून वर बघितलं तर अण्णा.

उंबऱ्याच्या बाहेर उभे. बारीक झालेत. एका डोळ्यातनं पाणी गळतंय, ते टॉवेलानं पुसत होते. मला एकदम इतकं भरून आलं की उठताना वही पायाखाली गेली. म्हटलं, काय झालं डोळ्याला? म्हणाले, दिसंना झालंय, उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात दाखवायचंय. हातात पिशवी. मुक्कामाची.

आणि तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, “आत येऊ का?”

भा.च्या हातातला घास तसाच राहिला. मुकुंदवाडीच्या या खोलीच्या दारात हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही, आणि अण्णांनी तर उभ्या आयुष्यात कुठल्याच दारात विचारला नसेल.

“या ना अण्णा, विचारता काय,” मी पुढं झाले, पिशवी घ्यायला. त्यांनी ती दिली नाही.

“तुला नाय इचारलं,” म्हणाले. “तिला इचारलं.”

टोमणा होता? मी आवाज नीट ऐकला, आत्ता लिहितानाही पुन्हा पुन्हा ऐकतेय, आणि मला सांगता येत नाही. रुसलेला म्हातारा असाच बोलतो. मनापासून विचारणारा म्हातारा पण असाच बोलेल, त्याला याहून वेगळं येणार कुठून? डोळ्यांत काही वाचावं तर एक झाकलेला आणि दुसऱ्यात ऊन.

कुंदा खाली बसलेली, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं अण्णांकडं बघितलं. घाईनं उठली नाही, सावरून बसली नाही, माझ्याकडं पण बघितलं नाही. ट्रंक भिंतीशी होती, तिकडं मात्र एकदा नजर गेली. मी मध्ये बोलणार होते. भा.नं माझा पदर धरून ओढला, म्हणून गप्प राहिले.

अण्णा वाट बघत उभे होते. वहाणा पायातच होत्या.

मग कुंदा उठली, दारापर्यंत गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं काय उत्तर दिलं, ते मी इथं लिहिणार नाही. विचारलं तिला होतं, मला नाही.